सभिकाचे चरित्र : वायट अर्प आणि त्याचे चरित्रकार

वायट अर्प १३ जानेवारी १९२९ रोजी लॉस एंजेलिस येथे निवर्तला, तेव्हा त्याच्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. त्यानंतर पुरती तीन वर्षे लोटण्याच्या आत, १९३१ मध्ये, स्टुअर्ट लेक याने लिहिलेले 'वायट अर्प : फ्राँटियर मार्शल' हे त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि हयातीत जे कधी निर्विवादपणे लाभले नव्हते ते वीरपद अर्पकडे चालत आले. जॉन फोर्ड याचा १९४६ चा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' हा चित्रपट या पुस्तकावर आधारलेला आहे. १९५५ ते १९६१ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर चाललेल्या मालिकेचा पायाही तोच. पश्चिम सरहद्दीवरील कायद्याचा निःस्पृह रखवालदार म्हणून अर्पची जी मूर्ती जगभर पोचली, ती मुख्यतः या एका ग्रंथातून घडली, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रंथाचे नावच त्याची बाजू सांगते. 'मार्शल' हे अर्पचे एक अधिकारपद; पण त्या प्रकारची त्याची सारी पदे एकत्र मोजली तरी सात वर्षे भरत नाहीत. लमार येथे १८७० च्या सुमारास, विचिटा येथे १८७५-७६ मध्ये, डॉज सिटी येथे १८७६ ते १८७९ मध्ये अधूनमधून, आणि ॲरिझोनात १८८० ते १८८२ च्या दरम्यान काही महिने, असा हा हिशेब आहे. याउलट पत्त्यांचा अड्डा आणि मद्यगृह यांच्याशी त्याचा संबंध सुमारे चार दशकांचा आहे. (अमेरिकनांच्या 'सलून' या शब्दाला मराठीत वेगळाच, न्हाव्याच्या दुकानाचा अर्थ येऊन चिकटला असल्याने येथे मद्यगृह हाच शब्द वापरलेला बरा.) लेकने हा धंदा लपविला आहे, असा आरोप मात्र करता येणार नाही. टूमस्टोन येथील ओरिएंटल मद्यगृहातील जुगारात अर्पचा वाटा होता हे तो सांगतो. पण ते शौर्याचे बक्षीस म्हणून सांगतो. धंदा हा त्याच्या लेखी चरित्राचा विषय नसून चरित्रातील एक प्रसंग आहे. या दृष्टिदोषाने ग्रंथाची इतकी हानी झाली आहे की त्यापुढे तपशिलाच्या चुका किरकोळ वाटाव्यात.

अर्पचा धंदा नेमका कोणता, हे सांगण्यास 'जुगारी' हा शब्द अपुरा आहे. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून अचूक शब्द परिचित आहे : सभिक. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळणारा संवाहक हा जुगारी आहे, आणि त्याचा पाठलाग करणारा माथुर हा सभिक, म्हणजे द्यूतगृह चालविणारा. दोघांचे हित परस्परविरुद्ध असते. संवाहकाला दैव हवे असते. माथुराला वसुली हवी असते. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याशिवाय फाशांचे भाडे, जागा व पाणी यांचे मूल्यही. दैवाच्या खेळात ज्याचे उत्पन्न दैवावर अवलंबून नाही असा हा मनुष्य. अर्प तरुणपणी संवाहकाच्या बाजूलाही बसला असेल. परंतु ज्या काळासाठी त्याचे नाव घेतले जाते त्या काळात तो प्रायः माथुराच्या आसनावर आहे.

त्याचा खेळ फॅरो. आज हा खेळ जवळजवळ लुप्त झाला आहे, आणि बहुधा म्हणूनच चरित्रलेखक त्याचे नाव घेऊन पुढे सरकतात. परंतु फॅरोची रचना समजल्याखेरीज अर्प समजत नाही. कापडाने मढविलेल्या पटावर इस्पिकाची तेरा पाने चिकटविलेली असतात. खेळणाऱ्याने हव्या त्या पानावर पैज ठेवावयाची. बावन्न पत्ते पिसून एका पेटीत ठेवतात. वरचे पहिले पान बाद. मग दोन-दोन पाने बाहेर येतात. जोडीतील पहिले अड्डेवाल्याचे, दुसरे खेळणाऱ्याचे. पहिले पान अठ्ठी निघाली तर अठ्ठीवरील पैजा बुडाल्या. दुसरे राजा निघाले तर राजावरील पैजांना तितकीच रक्कम मिळाली. रंगाला महत्त्व नाही. निघालेल्या पानांची नोंद तारांवर मणी ओवलेल्या एका चौकटीवर सर्वांसमक्ष ठेवली जाते, त्यामुळे कोणती पाने उरली हे प्रत्येकाला दिसते. मग अड्डेवाल्याला मिळते काय? जोडीतील दोन्ही पाने एकाच मोलाची निघाली, तर त्या पानावरील पैजेचा अर्धा भाग तो घेतो. आणि अखेरच्या तीन पानांचा क्रम बरोबर सांगणाऱ्यास तो चौपट देतो. तीन भिन्न पानांचे क्रम सहा होतात, तेव्हा न्याय्य देणे पाचपट. एवढेच.

प्रामाणिकपणे चालविला तर फॅरोत अड्डेवाल्याचा लाभ अत्यल्प असतो, ही गोष्ट त्या काळी सर्वश्रुत होती. कित्येक अड्ड्यांत बनावट पेट्या आणि खुणेची पाने आली ती याच कारणाने. लाभ अल्प असेल तर तो दोनच मार्गांनी वाढतो : लबाडीने, किंवा गर्दीने. गर्दीसाठी रोख मजुरी मिळणाऱ्या, एकट्या, घरापासून दूर आलेल्या पुरुषांचे गाव हवे. आणि रात्रभर पट चालू राहावयाचा तर त्याभोवती शांतता हवी. एक गोळी सुटली की खेळ मोडतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या मद्यगृहात जाते. पटामागे बसणाऱ्याला म्हणून चेहरा स्थिर, हात सावकाश, शब्द थोडे आणि गरज पडल्यास दंडुका जवळ, असे राहावे लागते. लेकने अर्पच्या ठिकाणी जे जे सद्गुण वर्णिले आहेत, ते थंड डोके, ती अबोल जरब, पिस्तूल झाडण्याऐवजी त्याच्या नळीने डोक्यावर प्रहार करण्याची ती सवय, ते सर्व या व्यवसायाचे गुण आहेत. ते खोटे नाहीत. पण त्यांचे मूळ शौर्यात शोधल्याने त्यांचा अर्थ हरवतो. शिपायाने शिस्त राखावी आणि सभिकाने शिस्त राखावी यांत बाह्यतः फरक दिसत नाही. चरित्रकाराने तो दाखवावयाचा असतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे अर्पच्या भटकंतीचा नकाशाही उलगडतो. लेकच्या ग्रंथात टूमस्टोननंतरची सत्तेचाळीस वर्षे थोडक्यात उरकली आहेत, कारण १८८२ नंतर 'मार्शल' उरत नाही. सभिक मात्र उरतो, आणि त्याचा मार्ग विलक्षण सुसंगत आहे. १८७७ मध्ये एड शिफेलिनला चांदी सापडली आणि टूमस्टोन वसले; अर्प डिसेंबर १८७९ मध्ये तेथे पोचला. खाणमजुराला तेथे दिवसाला चार डॉलर मिळत. ओरिएंटलमधील जुगाराच्या मक्त्यात त्याला चौथाई वाटा मिळाला. १८८४ मध्ये आयडाहोतील कूर डेलेन भागात सोन्याची हूल उठताच तो आणि त्याचा भाऊ जेम्स ईगल सिटीत हजर. तेथे त्यांनी 'व्हाइट एलिफंट' हे मद्यगृह चालविले आणि खाणींच्या हक्कांवरून न्यायालयात भांडले. १८८७ च्या सुमारास सॅन डिएगोत रेल्वेच्या आगमनाने जमिनीचे भाव भडकले, तेव्हा त्याने तेथे अड्डे घेतले; भाव कोसळल्यावर तो तेथून निघाला. अलास्कातील नोम येथे समुद्रकाठच्या वाळूतच सोने सापडल्याची वार्ता १८९९ मध्ये पसरली; त्याच वर्षी चार्ल्स हॉक्सी याच्या भागीदारीत अर्पचे 'डेक्स्टर' हे दुमजली मद्यगृह तेथे उभे राहिले. १९०० च्या जनगणनेत नोमची वस्ती १२,४८८ भरली, आणि १९०१ मध्ये अर्प तेथून बाहेर पडला, जवळ ऐंशी हजार डॉलर घेऊन, असे सांगतात. पुढच्या वर्षी तो नेव्हाडातील टोनोपा येथे 'नॉर्दर्न' नावाचे मद्यगृह चालवीत होता.

यांतील एकाही गावी त्याने प्रथम खोदणाऱ्याचे काम केले नाही, आणि बहुतेक गावांतून तो उतरती कळा लागताच निघाला. खाणींत पाणी भरू लागले, १८८६ मध्ये पंपघर जळाले आणि टूमस्टोनची रया गेली. तोवर अर्पला ते गाव सोडून चार वर्षे झाली होती. अर्थात, ते त्याने दूरदृष्टीने सोडले नव्हते.

येथे २६ ऑक्टोबर १८८१ या दिवसाला येणे भाग आहे. सुमारे तीस सेकंद चाललेल्या त्या गोळीबारात बिली क्लँटन, टॉम मॅक्लॉरी व फ्रँक मॅक्लॉरी हे तिघे ठार झाले. त्या दिवशी गावच्या पोलिसांचा प्रमुख वायट नव्हता, त्याचा थोरला भाऊ व्हर्जिल होता. या घटनेवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिच्या मागचा एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटावा. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर झालेल्या चौकशीत अर्पने लेखी निवेदन वाचून दाखविले, आणि त्यात आपल्याला परगण्याचा शेरीफ व्हावयाचे होते, त्यासाठी टपालगाडी लुटणाऱ्यांना पकडून देण्याचा गुप्त सौदा आपण आइक क्लँटनशी केला होता, हे स्वतःच सांगितले. बक्षिसाचे पैसे क्लँटनला, पकडल्याचे श्रेय अर्पला, असा तो सौदा होता. शेरीफचे पद काय होते? वसूल केलेल्या करांतील दहावा हिस्सा पदाधिकाऱ्याला मिळत असे. म्हणजे तोही एक मक्ताच होता. ओरिएंटलमधील चौथाई आणि परगण्याच्या करांतील दशमांश या एकाच जातीच्या आकांक्षा आहेत. दोन्हींना शांतता लागते आणि दोन्हींसाठी प्रतिस्पर्धी हटवावा लागतो. लेकला हा धागा हाती येऊनही दिसला नाही, कारण त्याने अधिकारपद आणि अड्डा यांना दोन वेगळ्या नैतिक विश्वांत आधीच बसविले होते. टूमस्टोनमध्ये ती दोन विश्वे नव्हती. मद्यगृहाला आणि जुगाराला परवाना होता, त्याचे शुल्क गावाच्या तिजोरीत जात असे, आणि ते चालविणारा मनुष्य नागरिकांत उजळ माथ्याने वावरत असे.

मग लेकला हे वेगळे करावेसे का वाटले? कारण तो १९३१ मध्ये लिहीत होता. देशभर मद्यबंदी १९२० पासून जारी होती आणि ती १९३३ च्या डिसेंबरपर्यंत उठावयाची नव्हती. ॲरिझोनाने १९०७ मध्ये आणि नेव्हाडाने १९१० पर्यंत जुगार बंद केला होता. नेव्हाडाने तो पुन्हा खुला केला तो नेमका १९३१ मध्येच. ज्या दोन धंद्यांवर अर्पचे आयुष्य उभे होते, ते दोन्ही त्याच्या वार्धक्यात अपराध ठरले होते. १९११ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी फॅरोच्या एका बनावट डावाच्या संशयावरून त्याला पकडले होते. आरोप टिकला नाही, पण ही अटक एका बदललेल्या युगाची खूण आहे. शिवाय त्याची पत्नी जोसेफिन हिला पतीचे चरित्र स्वच्छ आणि सोज्ज्वळ हवे होते, आणि तिच्या आग्रहाचा त्रास लेकला पुस्तक छापून होईपर्यंत झाला. जोसेफिनपूर्वी अर्पबरोबर राहिलेली मॅटी ब्लेलॉक १८८८ मध्ये अफूच्या अर्काने मेली. लेकच्या ग्रंथात ती नाही. जेथे पत्नी गाळता येते तेथे धंदा दुय्यम करणे कठीण नव्हते.

आता लेकच्या पद्धतीविषयी. त्याच्या ग्रंथात पानेच्या पाने अर्प स्वतः बोलतो. अवतरणचिन्हांत, प्रथमपुरुषी, ओघवत्या शैलीत. वाचक असे समजतो की म्हाताऱ्याने सांगितले आणि लेकने टिपून घेतले. वस्तुतः १९४१ मध्ये एका पत्रात लेकनेच मान्य केले की अर्पने आपल्याला एक शब्दही सांगून लिहविला नव्हता, आणि तो बोलण्यात अतिशय तुटक होता. बखर आणि अस्सल पत्र यांतील अंतर मराठी इतिहाससंशोधनाने राजवाड्यांपासून शिकविलेच आहे. परंतु बखरकार संवाद रचतो तेव्हा ती नायकाची मुलाखत असल्याचा दावा करीत नाही. लेकने तो दावा केला नाही असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. छपाईच्या चिन्हांनी तो त्याच्या वतीने केला. एल्सवर्थ येथे १८७३ मध्ये अर्पने बेन टॉम्सनला एकट्याने शरण आणल्याचा रोमहर्षक प्रसंग समकालीन कागदांत नाही; नेड बंटलाइनने भेट दिलेल्या लांब नळीच्या पिस्तुलांचा पुरावा कोल्ट कारखान्याच्या नोंदींत सापडलेला नाही. हे दोष अनेकांनी दाखविले आहेत. मोठा दोष असा की अबोल माणसाला वाक्पटू केल्याने त्याच्याविषयीची सर्वांत विश्वसनीय गोष्ट, म्हणजे त्याचे न बोलणे, नाहीशी झाली.

आणि हे काही प्रथमच घडत नव्हते. ऑगस्ट १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झॅमिनर'मध्ये अर्पच्या नावाने तीन लेख छापले गेले. त्यांची भरजरी भाषा त्याची असणे शक्य नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच शहरात फिट्झसिमन्स-शार्की मुष्टियुद्धात पंच म्हणून त्याने शार्कीच्या बाजूने दिलेला निकाल गाजला, पिस्तूल बाळगून रिंगणात उतरल्याबद्दल त्याला पन्नास डॉलर दंड झाला, आणि चार महिन्यांपूर्वीचा वीर वृत्तपत्रांतून लबाड ठरला. पुढे १९२० च्या दशकात जॉन फ्लड या स्नेह्याने त्याच्या आठवणी निष्ठेने टंकलिखित केल्या. फ्लड व्यवसायाने अभियंता. त्याचे लेखन इतके निर्जीव उतरले की प्रकाशकांनी ते परत पाठविले. प्रामाणिक लेखणी मृत आणि जिवंत लेखणी अप्रामाणिक, अशा कात्रीत हे चरित्र सापडले होते. लेकच्या ग्रंथाला वाचक लाभले ते काही अन्यायाने नव्हे. त्याची गती, त्यातील गावांची वर्णने, धुळीचा आणि गर्दीचा त्याने दिलेला प्रत्यय हे गुण नाकारणे कोतेपणाचे होईल.

लेकच्या विरोधात जे लिहिले गेले, त्याने परिस्थिती सुधारली नाही. फ्रँक वॉटर्स याने १९६० मध्ये 'द अर्प ब्रदर्स ऑफ टूमस्टोन' हे पुस्तक व्हर्जिलची पत्नी ॲली हिच्या आठवणी म्हणून सादर केले. त्यात वायट हा भामटा, जुगारी, कुटुंबाचा घातक आहे. ॲली १९४७ मध्येच वारली होती. आणि वॉटर्सचे जुने हस्तलिखित पुढे अभ्यासकांनी ताडून पाहिले, तेव्हा छापील पुस्तकातील कित्येक जहाल मजकूर त्यात आढळला नाही. लेकने वायटच्या मुखी शब्द घातले, वॉटर्सने ॲलीच्या. आणि १९७६ मध्ये ग्लेन बॉयर याने जोसेफिनच्या नावे जे आत्मचरित्र संपादित म्हणून दिले, त्याच्याही विश्वसनीयतेचा बोजवारा उडून विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेला ते मागे घ्यावे लागले. केसी टेफर्टिलर याचे १९९७ चे चरित्र कागदपत्रांच्या बाबतीत या सर्वांहून श्रेष्ठ आहे. पण वॉटर्सच्या ग्रंथातील मूलभूत गृहीतक लेकचेच आहे, ही गोष्ट पुरेशी कोणी सांगितलेली नाही. जुगाराचा अड्डा चालविणारा मनुष्य सज्जन असू शकत नाही, हे दोघांनाही मान्य. म्हणून एक अड्डा बाजूस सारतो आणि दुसरा सज्जनपणा. माथुर हा खलपुरुष की रक्षक, असे शूद्रकाला विचारता आले असते तर त्याने बहुधा प्रश्नच गैरलागू ठरविला असता. माथुर वसुली करतो, रस्त्यात मारामारी करतो, पैसे मिळताच शांत होतो. नाटककाराने त्याला त्याच्या धंद्यासकट उभे केले आहे.

अर्पचा स्वतःचा आवाज कोठे ऐकावयाचा, हा प्रश्न उरतो. १८८१ च्या निवेदनावर वकिलाचा हात फिरलेला असणार. परंतु आणखी एक कागद आहे. लॉटा क्रॅबट्री ही अभिनेत्री १९२४ मध्ये मोठी संपत्ती मागे ठेवून वारली, तेव्हा तिच्या मृत्युपत्राच्या वादात टूमस्टोनमधील जुन्या माणसांच्या जबान्या आवश्यक झाल्या, आणि त्यांत वृद्ध अर्पची जबानी प्रश्नोत्तरांच्या रूपाने नोंदविली गेली. येथे वीरकथा रचणारा कोणी नव्हता. वाद वारसाचा होता, अर्पच्या कीर्तीचा नव्हता. उत्तरे आखूड आहेत. टूमस्टोनमध्ये तो काय करीत होता, या विचारणेवर त्याने खाणीचे नाव घेतले नाही आणि बिल्ल्याचेही नाही. आपण काही काळ पुठ्ठ्याचा आणि हस्तिदंताचा व्यवहार केला, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. पुठ्ठा म्हणजे पत्ते, हस्तिदंत म्हणजे पैजेच्या चकत्या. आणि ते म्हणजे फॅरोचा पट चालविणे होय, असा त्याचा उलगडाही तेथे झाला आहे.